होडी मधेच का थांबते

डॉक्टरांच्या मते ताईचा झटका सौम्य होता. असेलही. त्यांनी तो कागदावर पाहिला होता, आमच्या घरात तो राहायलाच आला होता.

तोंड आठवड्याभरात सरळ झालं. बोलणंही परत आलं, आणि इतकं परत आलं की आई म्हणाली, एवढ्याची काही गरज नव्हती. पाय ओढत का होईना, चालायला लागला. राहिला उजवा हात, आणि हातातही अंगठा. ताईचं स्वतःचं सलून आहे, आणि कात्री अंगठ्यावर चालते. बाकीची चार बोटं नुसती सोबतीला असतात. थेरपिस्ट बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, की सुरुवातीचे हे महिने फार मोलाचे आहेत, आत्ता अंगठा जितका हलवाल तितका तो पुढे कामाला येईल. रबरी चेंडू दिला आणि रोज, पुन्हा पुन्हा दाबायला सांगितला. ताईने तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी खिडकीतून समोरच्या बाल्कनीत फेकला. फेकला मात्र डाव्या हाताने.

तेव्हा मी पुढे सरसावले. मला गप्प बसवत नाही, हा आमच्या घरात आनुवंशिक आजार आहे.

मी आणि माझा भागीदार मिळून गेम बनवतो. दुकानात मिळतात तसले चकाचक नव्हे. आमचे गेम एका छोट्या डब्यात राहतात. डबा जेवणाच्या डब्याएवढा, त्याला एक छोटा पडदा आणि आत एक चिमुकलं इंजिन. इंजिन म्हणजे चित्र काढणारा, आवाज करणारा, बटण दाबलं की ओळखणारा प्रोग्रॅम. त्याला स्वतःची अक्कल नसते. गेममध्ये काय घडायचं ते आपण एका फाइलमध्ये ओळीने लिहून देतो, ती स्क्रिप्ट. इंजिन ती वाचत जातं आणि सांगितलं तसं करत जातं. दुसरी तऱ्हा म्हणजे इंटरॅक्टिव्ह मोड. डब्याला कीबोर्ड जोडायचा, एक ओळ टाइप करायची, इंजिन तेवढंच करतं, उत्तर देतं आणि पुढच्या ओळीची वाट बघत बसतं. स्क्रिप्ट म्हणजे भाषण आणि ही दुसरी तऱ्हा म्हणजे गप्पा. वर्कशॉपमध्ये आम्ही तिला गप्पाच म्हणतो.

ताईसाठी मी नदीचा गेम लिहिला. नदीत एक होडी, होडीत एक म्हातारा नावाडी. नवा चेंडू आणून त्याला वायर जोडली होती. चेंडू दाबला की होडी पुढे सरकणार. खडक, पूल, वळणं पार करत दीपगृहापर्यंत जायचं. ताईने नाक मुरडतच डबा हातात घेतला, पडद्यावर बघितलं आणि म्हणाली, "हा तर अगदी आपला मामा. याचे केस कोणी कापलेत गं? त्याला आत टाकायला हवं."

आणि तिने चेंडू दाबला. होडी वीतभर सरकली. ताईने परत दाबला. पहिल्या पुलाखालून होडी गेली तेव्हा आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि दारातच उभी राहिली. मला तर वाटलं, जिंकली लढाई.

पुलाच्या थोडं पुढे होडी थांबली.

पाणी वाहत होतं, वर पक्षी उडत होते, गाणंही चालू होतं. फक्त होडी हलेना. ताई चेंडू दाबत होती. तिच्या अंगठ्याचं नख पांढरं पडलं, कपाळावर घाम आला, आणि होडी आपली जागच्या जागी. ताईने हळूच चेंडू मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "दमला वाटतं हात. गेली त्यातली ताकद."

हात दमला नव्हता, डबा अडकला होता. पण हे कळायला मला दोन दिवस लागले, आणि त्या दोन दिवसांत असं तीनदा झालं. तिन्ही वेळा तिला वाटलं, आपलाच हात संपला. शेवटी मी डबा उचलून तपासला आणि तिला खरं सांगितलं, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पाठोपाठ राग आला.

"म्हणजे मी इथे जीव काढतेय आणि तुझा डबा झोपलाय?" ती म्हणाली. "ऐक बारके. परत एकदा हा मधेच मेला, तर मी याला हात लावणार नाही. याला नाही, त्या चेंडूला नाही, कशालाच नाही. मग तू आणि तुझ्या थेरपिस्ट बाई बसा दाबत."

ताई पोकळ धमक्या देत नाही. एकदा वडिलांशी अबोला धरला होता, तर त्यांना तिच्याच सलूनमध्ये गिऱ्हाईक म्हणून जावं लागलं होतं. तेव्हा ती काय म्हणतेय ते मला पुरतं समजलं. डबा बगलेत मारून मी वर्कशॉप गाठलं.

आमचं वर्कशॉप म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली. दोन टेबलं, एक भिंग बसवलेला दिवा, आणि वायरींचा असा गुंता की त्यात हात घातला तर हव्या त्या वायरीऐवजी मागच्या वर्षीचा चमचा सापडतो. माझ्या भागीदाराला आम्ही शंकासुर म्हणतो. त्याला सगळ्याची शंका येते. लिफ्टमध्ये शिरताना तो आधी लिफ्टकडे संशयाने बघतो. अशा माणसाने इंजिन बनवलं की ते चांगलं बनतं, एवढंच त्याच्या बाजूने बोलता येईल.

त्याने डबा टेबलावर ठेवला, कीबोर्ड जोडला, गेम चालू केला. मी चेंडू दाबत बसले आणि तो गप्पा मारत बसला. म्हणजे टाइप करून विचारत राहिला, "चेंडू?" पडद्याच्या कोपऱ्यात उत्तर यायचं, "आहे. दाब सतरा." थोड्या वेळाने परत, "चेंडू?" "आहे. दाब बावीस."

होडी पूल ओलांडून गेली, खडक ओलांडून गेली. मी दाबून दाबून कंटाळले, हात बदलला, तरी ती काही थांबेना.

"माझ्याकडे तर चालतोय," शंकासुर म्हणाला. आमच्या धंद्यात याच्याइतकं चीड आणणारं दुसरं वाक्य नाही.

"तुझ्याकडे चालून काय उपयोग? माझी बहीण काय तुझ्या टेबलावर येऊन बसणार आहे?"

"वायर बदलून देतो. वायरीवर माझा पहिल्यापासून विश्वास नव्हता."

"तुझा कशावर आहे?"

वायर बदलली. मग चेंडू बदलला. बॅटरी बदलली. दर वेळी कीबोर्ड जोडून तासभर तपासलं, दर वेळी डबा शहाण्यासारखा चालला. घरी आणला, आधी आपणच बघावं म्हणून मी जेवणाच्या टेबलावर गुपचूप चालवला, की पुलाच्या पुढे होडी ठप्प. नेमकं घोडं कुठे पेंड खातंय ते कळेना. मी डबा पिशवीत कोंबला.

"आणलास का गं तुझा डबा?" ताईने आतून विचारलं. "नाही, मला काही नको. सहज विचारलं."

सहज विचारणारी माणसं मला ओळखू येतात. तिला तो डबा हवा होता आणि मी तो देऊ शकत नव्हते, कारण आता आणखी एकही चूक परवडणार नव्हती. इकडे दिवस चालले होते. मला रात्री नीट झोप लागेना आणि दिवसा माझ्याशी कोणाला बोलवेना, इतकी मी करवादले होते.

मधल्या काळात आईने मोर्चा सांभाळला. दुपारी ती ताईसमोर मटार सोलत बसायची आणि बिनवायरीचा साधा चेंडू तिच्या हातात द्यायची. एके दिवशी मी दारातून बघत होते.

"दाबलास?" आई विचारायची.

"दाबला."

"परत?"

"हा घे परत. अजून काय, बिल देऊ?"

कुरकुर चालू होती, पण अंगठाही चालू होता. तेवढ्यात फोन वाजला आणि आई उठून आत गेली. ताईने आणखी एकदा चेंडू दाबला. मग थांबली. मग तळहात उलटा करून त्याच्याकडे बघत राहिली, जसं काही कोणी अनोळखी माणूस येऊन शेजारी बसलाय. मला फार वाईट वाटलं. इतकी तोंडाळ, इतकी हिमतीची बाई, आणि त्या रिकाम्या खोलीत ती अगदी एकटी पडली होती.

तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. "काय बघतेस? विचारायला कोणी नसलं की या अंगठ्याला वाटतं सुट्टी झाली. आई येऊ दे, करते."

मी पायात चपला घातल्या आणि तडक वर्कशॉपला गेले. मोठा साक्षात्कार वगैरे झाला नव्हता. डोक्यात एवढंच आलं होतं, की आम्ही दोघं त्या डब्याला दिवसभर विचारत बसतो आणि घरी त्याला कोणीच काही विचारत नाही.

"आज गप्पा बंद," मी शंकासुराला म्हणाले. "कीबोर्ड काढ. गेम चालू कर, मी चेंडू दाबते, आणि तू काही म्हणजे काही विचारायचं नाहीस."

"मग कळणार कसं आत काय चाललंय?"

"नाहीच कळणार. बस नुसता."

शंका दाबून बसणं त्याला जड जात होतं. तो खुर्चीत वळवळत होता. मी दाबत होते. पूल गेला, आणि पुलाच्या थोडं पुढे होडी थांबली. पाणी वाहतंय, पक्षी उडताहेत, गाणं चालू. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट बिघडल्याचा मला इतका आनंद झाला.

"आता जोड कीबोर्ड. आता विचार."

त्याने टाइप केलं, "चेंडू?"

उत्तर आलं, "असं काही इथे नाही."

चेंडू माझ्या हातात होता, वायर डब्याला होती, आणि इंजिन म्हणत होतं, कसला चेंडू?

मग मी कपाळावर हात मारला. त्याचं असं होतं. डब्यात जागा थोडी, म्हणून आमच्या इंजिनात एक झाडूवाला ठेवलेला आहे. जागा भरत आली की तो आत फिरतो आणि जी वस्तू कोणी हातात धरलेली नाही ती कचरा समजून फेकून देतो. स्क्रिप्टच्या सुरुवातीला मी चेंडू ऐकणारा एक कान तयार केला होता. तयार केला आणि पुढच्या कामाला लागले. तो धरून ठेवायला मी कोणाला सांगितलंच नव्हतं. होडी पुलापर्यंत पोचेतो जागा भरायची, झाडूवाला यायचा, बेवारस कान दिसला की उचलायचा आणि फेकायचा. त्यानंतर ताईने चेंडू कितीही दाबला तरी ऐकणारं कोणी नसायचं.

मग गप्पांमध्ये कसं चालायचं? तर गप्पा मारताना माणूस परत परत मागचंच विचारतो म्हणून आम्ही हौसेने एक सोय केलेली आहे. शेवटी ज्या वस्तूबद्दल विचारलं ती वस्तू इंजिन आपल्या खिशात ठेवतं. आणि खिशातल्या वस्तूला झाडूवाला हात लावत नाही. म्हणजे शंकासुर "चेंडू?" म्हणून विचारायचा, आणि त्या विचारण्यामुळेच तो कान जिवंत राहायचा. आम्ही तपासत होतो म्हणून सगळं ठीक होतं, आणि सगळं ठीक होतं म्हणून आम्ही आणखी तपासत होतो.

"झाडूवाला तू लिहिलास," मी म्हणाले.

"आणि खिसा कोणी शिवला?" तो म्हणाला. "मला तेव्हाच शंका आली होती."

दुरुस्ती एका ओळीची होती. होडीनेच तो कान धरून ठेवायचा, होडी आहे तोवर सोडायचा नाही. आम्ही कीबोर्ड काढून ठेवला, आणि सगळी दुपार आळीपाळीने मुकाट्याने चेंडू दाबला. होडी थांबली नाही. माझा जीव भांड्यात पडला.

डबा पिशवीत घालताना मात्र माझा हात अडखळला. डब्याचं ठीक झालं, ताईचं काय? मी हा गेम केला होता तो अशासाठी, की तिच्याजवळ कोणाला बसावं लागू नये. पक्षी उडवले, गाणं घातलं, वेळ मोजणारं घड्याळ लावलं. तिला कोणी काही विचारेल अशी एकही जागा मी त्यात ठेवली नव्हती. एकसुरी भाषण लिहून दिलं होतं, आणि ऐकायला बसवली होती गिऱ्हाइकांशी दिवसभर बोलून पोट भरणारी बाई.

"एक काम आहे," मी शंकासुराला म्हणाले. "आवाज दे."

"कसला आवाज?"

"मामाचा. म्हणजे त्या नावाड्याचा."

घड्याळ काढून टाकलं. प्रत्येक वळणावर होडी थांबेल, मामा काहीतरी विचारेल, आणि उत्तर म्हणून चेंडू दाबला जाईपर्यंत वाट बघेल. कितीही वेळ. स्क्रिप्टच्या पोटात गप्पा घातल्या म्हणा ना. शंकासुराला ते बिलकूल पटलं नाही. स्क्रिप्टने असं मधेच थांबून कोणाची वाट बघणं त्याच्या तत्त्वात बसत नाही. पण आवाज त्याने दिला, आणि असा मन लावून दिला की खालून सायकलवाला काय झालं म्हणून बघायला वर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा ताईसमोर ठेवला.

"मरणार नाही ना?" तिने विचारलं.

"नाही."

"नक्की?"

मी नक्की म्हणाले. मग मनावर दगड ठेवून मी खोलीतून बाहेर पडले आणि दार लोटून घेतलं. आपण समोर बसलो तर काहीच सिद्ध होणार नाही, एवढं मी त्या आठवड्यात शिकले होते. बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र उघडून बसले. एक अक्षर वाचलं नाही.

आतून मामाचा आवाज आला, "काय ताई, जोर लावता का जरा?"

मग ताई म्हणाली, "लावते हो. घाई कसली आहे तुम्हाला? लग्नाला जायचंय?"

"वा! आता तो खडक बघा. उजवीकडून घेऊ?"

"घ्या उजवीकडून. थांबा, थांबा, हात घसरला. हं, आता."

आई स्वयंपाकघरातून डोकावली. "कोण आलंय गं? चहा टाकू का?"

मी तिला बोटाने गप्प राहायला सांगितलं. ती पदराला हात पुसत माझ्याजवळ येऊन बसली, आणि आम्ही दोघी दुसऱ्याच्या घरचं बोलणं चोरून ऐकावं तशा ऐकत राहिलो. मामा विचारत होता, ताई उलट उत्तरं देत होती. मधे एकदा तिने त्याला केस कुठे कापतोस म्हणून खडसावलं. पूल कधीच मागे पडला होता. जिथे होडी नेहमी थांबायची ती जागाही मागे पडली. आईने माझा हात धरला होता, तो किती घट्ट धरलाय ते तिचं तिलाही कळत नसावं.

मग आतलं बोलणं बंद पडलं.

गाणं थांबलं. मामा काही बोलेना.

"बारके!" ताई आतून ओरडली. "मेला तुझा डबा!"

मी कशी उठले ते आठवत नाही. दार ढकललं. ताई पलंगावर ताठ बसली होती, चेहरा लाल, आणि हातातला चेंडू ती अजून दाबत होती. पडद्यावर होडी दीपगृहाला टेकून उभी होती. पाणी स्थिर, पक्षी जागच्या जागी. मला रडू यायचंच बाकी होतं. पिशवीतून आणलेला कीबोर्ड मी जोडला आणि विचारलं, "चेंडू?"

"आहे. दाब एकतीस."

मी डोळे पुसले आणि परत वाचलं. एकतीस. मग विचारलं, "स्क्रिप्ट?"

"संपली."

मी तिथेच खाली बसले. हसायला येत होतं.

"ताई, नाही मेला तो. संपला. तू संपवलास."

"संपवला म्हणजे? असा कसा संपेल? टाळ्या नाहीत, काही नाही, हा मामा नुसता थोबाड घेऊन उभा."

"याच्यापुढे मी काही लिहिलंच नाहीये," मी म्हणाले. आणि मग खरं तेच तोंडातून निघून गेलं. "तू इथवर येशील असं मला वाटलंच नव्हतं."

आई दारात उभी होती. ताईने पडद्यावरच्या दीपगृहाकडे बघितलं, मग आपल्या अंगठ्याकडे, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता ही चिडणार. तिला हक्कच होता.

"मला तरी कुठे वाटलं होतं?" ती म्हणाली. मग उशी पाठीशी ओढून नीट टेकून बसली. "चल, लिही पुढचं. मी थांबलेय."

मी कीबोर्ड मांडीवर घेतला. दीपगृहाच्या पलीकडे काय असतं याचा मी कधी विचारच केला नव्हता. समुद्र असणार बहुतेक. मी पहिली ओळ टाइप करेपर्यंत ताईने चेंडू आणखी दोनदा दाबला होता.